अणूची जुनी मॉडेल्स चुकीचीच होती तर ती अजून का शिकवतात?

तुमचं म्हणणं असं की डाल्टन, थॉमसन, रदरफोर्ड, बोर सगळ्यांचंच काही ना काही चुकलं, मग सरळ शेवटचं मॉडेलच शिकवा ना. शाळेत असताना मलाही हेच वाटायचं, पण रदरफोर्डच्या प्रयोगशाळेतल्या गायगर आणि मार्सडेनच्या प्रयोगाबद्दल नीट वाचलं आणि माझं मत पार बदललं.

१९०९ साल, मँचेस्टर. मार्सडेन तेव्हा जेमतेम २० वर्षांचा विद्यार्थी होता. अंधाऱ्या खोलीत डोळे सरावेपर्यंत थांबायचं, मग सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून झिंक सल्फाइडच्या पडद्यावर अल्फा कण (किरणोत्सर्गी पदार्थातून वेगाने बाहेर पडणारा धन प्रभाराचा कण) आदळला की जो इवलासा ठिपका चमकतो तो एकेक करून मोजत बसायचं, हे त्यांचं काम. सोनं, प्लॅटिनम अशा धातूंच्या पातळ पत्र्यांवर कण सोडले तर बहुतेक आरपार गेले, पण साधारण ८,००० मधला एखादा चक्क उलटा फिरला! आता थॉमसनचं मॉडेल माहीत नसेल तर यात नवल काय ते कळणारच नाही. त्याच्या मते धन प्रभार अख्ख्या अणूभर पसरलेला होता, आणि इतक्या विरळ प्रभाराला एवढा वेगवान कण मागे फिरवणं जमूच शकत नाही. म्हणून मग १९११ मध्ये रदरफोर्डने गणित मांडून दाखवलं की हा प्रभार मधोमध अगदी छोट्या जागेत एकवटलेला असणार.

पण त्यातही एक घोळ होताच, कारण या केंद्राभोवती गोल फिरणारा इलेक्ट्रॉन सतत ऊर्जा बाहेर टाकणार आणि क्षणार्धात केंद्रात जाऊन पडणार, म्हणजे अणू टिकायलाच नको. १९१३ मध्ये बोर म्हणाला की इलेक्ट्रॉन ठरावीक कक्षांमध्येच राहतो आणि तिथे असताना ऊर्जा टाकत नाही. का टाकत नाही याला त्याच्याकडे उत्तर नव्हतं, तरी हायड्रोजनच्या प्रकाशात दिसणाऱ्या ठरावीक रंगांच्या रेषांचा हिशोब मात्र बरोबर जुळला. मला त्याचं हे धाडस फार आवडतं. पुढे दोन इलेक्ट्रॉन असलेल्या हेलियमशी गाठ पडली आणि तिथे ते अडलं.

१९२६ मध्ये श्रोडिंगरचं समीकरण आलं, त्यात कक्षा गेल्या आणि इलेक्ट्रॉन कुठे सापडण्याची शक्यता किती एवढंच उरलं. आणि तेच समीकरण हायड्रोजनसाठी सोडवलं तर ऊर्जेच्या पातळ्या निघतात त्या बोरने काढलेल्याच.