पट्टी म्हणते चंदेरी, आरसी म्हणते पांढरी

साताऱ्याच्या एका वाचकाचं पत्र आहे. थोडक्यात असं: 'सात महिन्यांपूर्वी पुण्याच्या एका डीलरकडून मारुती सुझुकीची जुनी हॅचबॅक घेतली. रंग पांढरा, किंमत ५ लाख ६० हजार. आरसी, म्हणजे नोंदणी प्रमाणपत्र, माझ्या नावावर झाली आहे. परवा मागचा बंपर घासला म्हणून पेंटरकडे नेली. कलर कोड असतो ती कंपनीची पट्टी बघायला त्यानं बॉनेट उघडलं आणि म्हणाला, "साहेब, पट्टीवर झेड२एस लिहिलंय. ही गाडी कंपनीतून चंदेरी निघालीय." आरसीवर मात्र पांढरा रंग आहे. शिवाय जाहिरातीत "२०२० मॉडेल" होतं, आरसीवर उत्पादन ०८/२०१९ आणि नोंदणी जानेवारी २०२०. डीलर म्हणतो, गाडी बघून-चालवून घेतलीत, आता काही होणार नाही. पावतीवरही तसंच छापलंय. मेहुणे म्हणतात, गुपचूप एक्स्चेंजला देऊन टाका. काय करू?'

बंपर रंगवलात का? नसेल तर थांबा. पेंटरनं चूक काही सांगितलेलं नाही. सुझुकीच्या यादीत झेड२एस म्हणजे सिल्की सिल्व्हर, आणि तुमच्या गाडीवर दिसतो तसा साधा पांढरा म्हणजे २६यू, सुपीरिअर व्हाइट. पण त्याचं अनुमान अर्धवट आहे. पट्टीवर झेड२एस आहे यावरून एवढंच कळतं की ती पट्टी एका चंदेरी गाडीची आहे. ती गाडी तुमचीच का, हा खरा प्रश्न.

शक्यता तीन. पहिली साधी: आधीच्या मालकानं रंग बदलला आणि आरटीओत नोंद करून घेतली. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ खाली आरसीवरच्या तपशिलात फरक पडेल असा बदल परस्पर करता येत नाही, आणि रंग हा आरसीवरचा तपशील आहे. नोंद झालेली असेल तर तुमची गाडी कायद्यानं पांढरीच, फक्त डीलरनं ते सांगितलं नाही. दुसरी शक्यता म्हणजे पहिल्या नोंदणीच्या वेळीच कारकुनी चूक झाली आणि पुढे कोणीतरी गाडीच आरसीप्रमाणे पांढरी करून घेतली. विरळ आहे, पण होतं. तिसऱ्या शक्यतेमुळे मी 'थांबा' म्हणालो. अपघातात किंवा पुरात विम्यानं टोटल लॉस, म्हणजे दुरुस्तीपलीकडची, ठरवलेली पांढरी गाडी भंगारात कोणीतरी विकत घेतो. त्याला गाडी नको असते, तिची आरसी आणि चेसिस नंबर हवा असतो. मग त्याच मॉडेलची चोरीची गाडी मिळवायची, भंगारातल्या गाडीचा नंबर कोरलेला पत्र्याचा तुकडा कापून तिच्यावर वेल्ड करायचा आणि आरसीशी जुळावी म्हणून गाडी पांढरी रंगवायची. सगळं जुळवलं जातं, बॉनेटखालची एवढीशी पट्टी विसरली जाते. तुमच्या बाबतीत हेच झालंय असं मी म्हणत नाही. हे झालेलं नाही याची खात्री आधी करायची, डीलरला नोटीस नंतर.

खात्री कशी? चेसिस नंबर शोधा. मॉडेलप्रमाणे तो बॉनेटखाली नाहीतर सीटखालच्या पत्र्यावर कोरलेला असतो. १७ अक्षर-आकडे मोजा. त्यात आय, ओ आणि क्यू ही इंग्रजी अक्षरं कधीच नसतात. सुरुवात एमए३ हवी, ती मारुती सुझुकीची खूण; सुझुकीच्या गुजरातच्या कारखान्यातली गाडी असेल तर एमबीएचही चालेल. दहावं अक्षर बहुधा वर्षाचं असतं, २०१९ साठी के आणि २०२० साठी एल. मग ट्रान्स्फरच्या वेळी एजंट करतो तसा ठसा घ्या: पातळ कागद धरून मऊ पेन्सिल आडवी घासा. डोळ्यांना सरळ दिसणाऱ्या ओळीतलं एखादं अक्षर कागदावर खाली घसरलेलं किंवा वेगळ्या जाडीचं उमटतं. कारखान्यातला ठसा असा डगमगत नाही. नंबरभोवती वेल्डिंगची शिवण, पुट्टी किंवा ताजा काळा रंग दिसतो का, तेही बघा.

दाराचं रबरी बीडिंग बोटभर ओढून आतला पत्रा पाहा. डिकीतली मॅट उचला, पेट्रोलच्या झाकणामागे टॉर्च मारा. पांढऱ्याखाली चंदेरी सापडली तर रंग बदललाय हे पक्कं. सगळीकडे कारखान्याचा पांढराच असेल आणि फक्त पट्टी असलेल्या भागात चंदेरी असेल, तर पुढचा भाग दुसऱ्या गाडीचा जोडलाय असं समजा. सीटबेल्टच्या मुळाशी शिवलेल्या लेबलवर उत्पादनाची तारीख असते. ऑगस्ट २०१९ मध्ये बनलेल्या गाडीत २०१७ चे पट्टे असायचं कारण नाही. प्रत्येक गोष्टीचा फोटो काढा आणि फोन बदललात तरी मूळ फोटो जपा. भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ खालचं प्रमाणपत्र जोडून ते पुराव्यात देता येतात.

कागदही मागवा. कंपनीच्या अधिकृत सर्व्हिस सेंटरला आरसीची प्रत जोडून लेखी अर्ज द्या: या चेसिस नंबरची गाडी कोणत्या रंगाची, कोणत्या व्हेरिअंटची, कोणत्या महिन्यात बनली आणि सर्व्हिसच्या नोंदी काय आहेत. तोंडी विचारू नका, 'सिस्टीममध्ये दिसत नाही' हे उत्तर फुकट मिळतं. दुसरा अर्ज, जिथे पहिली नोंदणी झाली त्या आरटीओला. तिथे फॉर्म २१, म्हणजे शोरूमनं दिलेलं विक्री प्रमाणपत्र असतं आणि त्यात रंग, उत्पादनाचा महिना, वर्ष लिहिलेलं असतं. फॉर्म २१ 'पांढरी' म्हणतो आणि पट्टी 'चंदेरी', तर पहिली शक्यता बाद.

नंबरात छेडछाड दिसली तर त्याच दिवशी लेखी तक्रार घेऊन पोलीस ठाण्यात जा, डीलरशी फोनवर वाद घालत बसू नका. चोरीची वस्तू बाळगण्याच्या गुन्ह्यात, म्हणजे भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१७ मध्ये, 'माहीत होतं' एवढंच नाही, 'तसं मानायला कारण होतं' हेही पुरतं. पेंटरनं सांगितल्यापासून तुमच्याकडे कारण जमायला लागलंय. गाडी जप्त होईल, आणि मोटार वाहन कायद्याच्या कलम ५५(५) खाली तुमचं म्हणणं ऐकून नोंदणी रद्दही होऊ शकते. पण वस्तू विक्री कायद्याच्या कलम १४ प्रमाणे विकणाऱ्याला विकायचा हक्क असणं ही कराराची गर्भित अट आहे. ती मोडली तर पूर्ण किंमत परत मागता येते.

आता 'मॉडेल'चं. इथे तुमची बाजू लंगडी आहे. आपल्याकडे नोंदणीचं वर्ष सांगून गाडी 'त्या सालची' म्हणायची वाईट सवय आहे. पण ०८/२०१९ हे आरसीवर ठळक होतं आणि आरसी तुम्ही पाहिली होती. करार कायद्याचं कलम १९ सांगतं की साध्या काळजीनं सत्य कळलं असतं, तर चुकीच्या सांगण्यावरून किंवा लपवाछपवीच्या मौनावरून करार मोडता येत नाही. तक्रारीत जाहिरातीचा स्क्रीनशॉट जरूर जोडा, पण सगळा भार त्यावर टाकू नका.

रंगाचं तसं नाही. तुम्ही पाठवलेला व्हॉट्सॲपचा स्क्रीनशॉट मी दोनदा वाचला. तुम्ही लिहिलंय, 'पेंट ओरिजिनल आहे ना? काही काम झालं असेल तर आत्ता सांगा, नाहीतर ओरिजिनल समजून टोकन पाठवतो.' उत्तरात डीलरनं फक्त पैसे भरायचा क्यूआर कोड पाठवला. १८७२ च्या करार कायद्यात कलम १७ खाली एक घोडा आहे. विकणाऱ्याला ठाऊक आहे की घोड्यात खोट आहे. तो गप्प बसला तर ती फसवणूक नव्हे, असं पहिलं उदाहरण सांगतं. पुढच्या एका उदाहरणात घेणारा म्हणतो, 'तुम्ही नाही म्हणाला नाहीत तर मी घोडा धडधाकट समजेन', आणि विकणारा गप्प राहतो. तिथे गप्प राहणं हेच बोलणं. तुमचा क्यूआर कोड या दुसऱ्या घोड्याच्या जागी बसतो.

डीलर दोन गोष्टी म्हणेल. कोड बॉनेटखालीच होता, का नाही बघितला? गाडी पांढरी, आरसी पांढरी आणि वर तुम्ही स्पष्ट विचारलं; साध्या गिऱ्हाइकाकडून पेंटरचा कोड वाचायची अपेक्षा नसते, हे उत्तर मला टिकाऊ वाटतं. दुसरं, 'मलाच माहीत नव्हतं.' हे जास्त जड आहे. म्हणून नोटिशीत त्याच्याकडून गाडीचा तपासणी अहवाल आणि फॉर्म २९सी मागा. १ एप्रिल २०२३ पासून जुन्या गाड्यांच्या डीलरला आरटीओचं अधिकारपत्र लागतं आणि मालकाकडून गाडी ताब्यात घेतल्याची सूचना या फॉर्मवर द्यावी लागते. यातलं काहीच नसेल, तर 'मी फक्त मध्यस्थ' हा त्याचा पवित्रा त्यालाच महागात जाईल. पावतीवरच्या छापील ओळीला घाबरू नका, त्या ओळीनं फसवणूक पचत नाही.

नंबर स्वच्छ निघाला आणि प्रश्न लपवलेल्या रंगकामाचाच उरला, तर स्पीड पोस्टानं नोटीस पाठवून १५ दिवस द्या. मग साताऱ्याच्याच जिल्हा ग्राहक आयोगात जा. २०१९ च्या कायद्यानं तक्रारदार राहतो तिथे तक्रार करता येते, पुण्याला खेटे नकोत. मोबदला ५ ते १० लाखांत असल्यानं फी २०० रुपये, मुदत दोन वर्षं. मागणी पर्यायी ठेवा: गाडी घेऊन पैसे परत, नाहीतर किमतीतला फरक. खरं सांगायचं तर नुसत्या रंगासाठी पूर्ण पैसे परत मिळणं अवघड, फरकावर तडजोड होण्याची शक्यता जास्त. गाडी तपासायला द्यायची विनंतीही आयोगाला करा, म्हणूनच बंपर आहे तसा राहू द्या.

मेहुण्यांचा सल्ला तेवढा ऐकू नका. एक्स्चेंजच्या काउंटरवर 'पेंट ओरिजिनल का?' असं विचारतात, आणि उत्तर आता तुम्हाला माहीत आहे.