स्केल मॉडेल रंगवायला पहिला एअरब्रश कोणता घ्यावा?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: लातूरला राहता, १:७२ ची विमानं आणि १:३५ चे रणगाडे करता, हाताच्या ब्रशने पट्टे दिसतात, बजेट १५ हजार. चार्जिंगवर चालणारा एअरब्रश (हवेच्या जोरावर रंग फवारणारं पेनासारखं अवजार) घ्यावा, की ०.२ मिमी नोझलचा भारीतला ब्रँडेड घेऊन कॉम्प्रेसरचं नंतर बघावं?

दोन्ही नको. बजेटचे तीन वाटे करा. दोन वाटे कॉम्प्रेसरला आणि उरलेल्या एका वाट्यात एअरब्रश, थिनर, मास्क सगळं बसवा. हवा एकसारखी आणि कोरडी मिळाली की साधा एअरब्रशही नीट रंग मारतो. हवाच धड नसेल तर महागडा एअरब्रशही ठिपकेच उडवणार. चार्जिंगवाल्याची अडचण हीच आहे. त्याला टाकी नसते, बहुतेकांना धड रेग्युलेटर (प्रेशर कमी-जास्त करायचा व्हॉल्व्ह) नसतो, पाणी अडवायची सोय नसते, आणि मोटरचं वजन नेमकं हातातच येतं. बारीक रेघ मारताना मनगट अवघडतं.

एअरब्रश ड्युअल अ‍ॅक्शन, ग्रॅव्हिटी फीडचाच घ्या. म्हणजे ट्रिगर खाली दाबला की हवा, मागे ओढला की रंग, आणि कप वरच्या बाजूला. कप वर असला की रंग आपोआप उतरतो, कमी प्रेशरवर काम होतं आणि चार-पाच थेंब रंगातही भागतं. सुई-नोझल ०.३ ते ०.४ मिमीच्या दरम्यान. ०.२ ने रेघ बारीक येते हे खरं, पण प्रायमर आणि मेटॅलिक रंगाने ते सारखं तुंबतं. नवख्याचा निम्मा वेळ साफसफाईतच जातो. इवाटा कंपनीचा निओ सीएन ०.३५ मिमीचा आहे, बजेटमध्ये बसला तर तो घ्या. नाही बसला तर ०.३ मिमीचा साधा चिनी '१३०' पद्धतीचाही चालेल, पण त्याच मापाची एक जादा सुई आणि दोन जादा नोझल त्याच ऑर्डरमध्ये मागवा. या एअरब्रशचं नोझल ज्वारीच्या दाण्यापेक्षा फार मोठं नसतं. पान्याने जरा जास्त आवळलं की आट्यांपाशी तुटतं आणि अर्धा तुकडा आतच अडकतो. पाना दोन बोटांनी धरा, टेकलं की थांबा.

कॉम्प्रेसर ऑइल-फ्री, पिस्टनचा, ३ लिटरच्या टाकीचा बघा. एएस-१८६ या नावाने बरेच जण विकतात. टाकीत साधारण ४ बार झाले की तो बंद पडतो, ३ बारला परत सुरू होतो. टाकीशिवाय पिस्टनचा प्रत्येक ठोका पाइपातून येतो आणि रंगाची रेघ थरथरते. छत्रपती संभाजीनगरला किंवा वाळूजकडे जाणं होत असेल तर न्यूमॅटिकच्या दुकानांत रेग्युलेटर, पाइप, रिड्यूसर (वेगळ्या मापाचे आटे जोडणारा तुकडा) सुटे मिळतील. मात्र एफआरएल युनिट घेऊ नका, त्यातला 'एल' म्हणजे ल्युब्रिकेटर, तो हवेत तेल सोडतो आणि रंगाला डोळे, म्हणजे गोल खळगे, पडतात. फक्त फिल्टर-रेग्युलेटर मागा. एअरब्रशला बहुधा १/८ इंची बीएसपी (पाइपच्या आट्यांचं एक प्रमाणित माप) आटे असतात. बॅजर आणि पाशे या कंपन्यांचे आटे वेगळे, त्यांना अ‍ॅडॅप्टर लागतो.

प्रेशर १५ ते २० पीएसआय ठेवा. ते ट्रिगर दाबून, हवा चालू असतानाच लावायचं. हवा बंद असताना २० लावलं तर चालू केल्यावर काटा खाली येतो, आणि मग रंग पातळ करूनही खरखरीत का बसतोय ते कळत नाही.

रंग दुधासारखा पातळ हवा, कपाच्या कडेने ओघळताना पातळ पडदा सोडणारा. टामिया कंपनीचे एक्सएफ रंग त्यांच्याच एक्स-२०ए थिनरमध्ये १:१ पासून सुरू करा. वायेहो कंपनीच्या रंगाला मात्र त्याचंच थिनर वापरा. आयसोप्रोपिल अल्कोहोल घातलं की त्याच्या गुठळ्या होतात. मधल्या थरासाठी अंतर ८-१० सेंमी. रंग कोळ्याच्या पायासारखा पसरला तर तो फार पातळ आहे किंवा प्रेशर जास्त आहे. पीठ बसल्यासारखा खरखरीत झाला तर तो वाटेतच वाळतोय.

हे वाटेत वाळणं आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये फार छळतं. पारा चाळिशीपार असताना दुपारी अ‍ॅक्रिलिक मारूच नका. सुईच्या टोकावर रंगाचा मणी जमतो, मग एकदम फुटून ठिपका पडतो. सकाळी लवकर बसा, कपात रिटार्डरचा (रंग सावकाश वाळवणारं द्रव) एखादा थेंब टाका आणि अधूनमधून ओल्या कापसाने टोक पुसा. कूलरसमोर तर मुळीच नको, त्याची हवा दमट असते आणि फवाराही हलवते. पावसाळ्यात उलट टाकीत पाणी साठतं. काम संपलं की टाकीखालचा ड्रेन व्हॉल्व्ह उघडून काढून टाका. कॉम्प्रेसरवरच्या फिल्टरपाशी हवा अजून गरम असते, पुढे पाइपात गार झाली की पाणी सुटतं, म्हणून एअरब्रशच्या बुडाशी पाणी अडवणारा एक छोटा ट्रॅप लावलेला बरा.

लाइट गेली तर ३ लिटरच्या टाकीत जेमतेम मिनिटभराची हवा उरते. ती रंगावर घालवू नका, लगेच कप रिकामा करून थिनर मारा. व्होल्टेज कमी असताना मोटर नुसती गुरगुरत असेल तर ताबडतोब बंद करा, नाहीतर वाइंडिंग जळतं.

कपात बुडबुडे येऊ लागले की हवा उलटी शिरतेय असं समजा: नोझल सैल, चिरलेलं किंवा तुंबलेलं. सैल असेल तर आट्यांना मधमाशीचं मेण किंचित लावा. सुईचं टोक वाकलं असेल तर आधी ते हलक्या हाताने सरळ करा, मगच सुई मागे ओढा, नाहीतर आकड्यासारखं टोक नोझल फाडतं. धातूचे भाग धुवायला हार्डवेअरच्या दुकानातलं एनसी थिनर चालतं, पण रबरी वॉशर त्यात भिजवू नका, ते फुगतात.

एनसी थिनर किंवा लॅकर वापरताना कापडी मास्क काहीच अडवत नाही. ऑरगॅनिक व्हेपर कार्ट्रिजचा मास्क घ्या, खिडकीला एक्झॉस्ट फॅन लावा आणि स्वयंपाकाच्या गॅसपासून लांब बसा. याचे पैसे त्या तिसऱ्या वाट्यातून आधी बाजूला काढा, मग एअरब्रश निवडा.