हेड उतरलंय म्हणून फुल इंजिन करायचं का? (डिझायर डिझेल, २.४ लाख किमी)

तुमची अडचण थोडक्यात अशी: २०१३ ची डिझायर डिझेल कसारा घाटात गरम झाली, हेड गास्केट (वरचं हेड आणि खालचा ब्लॉक यांच्यामधलं पॅकिंग) गेलं. ऑइल कॅपखाली दुधाळ साय दिसली. आता हेड टेबलावर आहे आणि मेकॅनिक म्हणतोय, "एवढं उघडलंच आहे तर फुल इंजिन करून टाकू, अडीच लाख किमी व्हायला आले."

आत्ता लगेच हो म्हणू नका. फुल इंजिन म्हणजे ब्लॉक बोअर करून (सिलिंडर आतून कापून मोठे करून) नवे पिस्टन-रिंगा घालणं. किलोमीटर बघून कोणी ब्लॉक बोअर करत नाही, गेज लावून करतात. आणि तुमच्या गाडीत खालचा भाग तपासणं जवळपास फुकटात होण्यासारखं आहे.

हे १२४८ सीसीचं फियाटचं मल्टिजेट डिझेल इंजिन. स्विफ्ट, रिट्झ, पुंटो, व्हिस्टा सगळ्यांत हेच, आपल्या रांजणगावातही बनायचं. त्यामुळे पार्ट आणि जाणकार हात दोन्ही सहज मिळतात. ब्लॉक बिडाचा आणि हेड अ‍ॅल्युमिनियमचं, म्हणून गाडी गरम झाली की आधी हेड वाकतं. या इंजिनाची दुखरी नस म्हणजे टायमिंग चेन (क्रँक आणि व्हॉल्वची लय जुळवणारी साखळी). ती अजून मूळचीच असेल तर चेन, टेन्शनर आणि गाइड आत्ताच बदला, यात वाद नको. चेन तुटली तर व्हॉल्व पिस्टनवर आपटतात आणि आज केलेलं हेड पुन्हा टेबलावर येतं. चेनसाठी पुढचं कव्हर काढावं लागतं आणि कव्हरसाठी खालचं ऑइल चेंबर. म्हणजे क्रँक (पिस्टन ज्याला फिरवतात तो मुख्य दांडा) तसाही उघडा पडणारच आहे. त्यातच बिग एंडच्या (पिस्टनचा रॉड क्रँकला धरतो तिथल्या) दोन टोप्या सोडवायला सांगा, कुठली टोपी कुठल्या रॉडची ते मार्क करून. बेअरिंगचा पृष्ठभाग एकसारखा राखाडी असेल तर ठीक. तांब्याची झाक दिसली, ओरखडे असले किंवा क्रँकच्या जर्नलवर (बेअरिंग बसतं त्या गुळगुळीत भागावर) नख अडकलं तर इंजिन खाली उतरवावंच लागेल.

तुमच्या बाबतीत हे बघणं टाळू नका, कारण ऑइलमध्ये पाणी गेलंय. तशा ऑइलवर गाडी चालली की पहिला मार बेअरिंगला बसतो. घाटातच बंद करून टो केली असेल तर वाचण्याची शक्यता चांगली. "हळूहळू नाशिकपर्यंत आणली" असं असेल तर मी दोन नाही, चारही टोप्या उघडेन.

आता बोअर, म्हणजे सिलिंडरचं आतलं भोक. तुम्ही पाठवलेल्या फोटोत होनिंगच्या (बोअर आतून घासून पाडलेल्या) तिरक्या रेघा स्पष्ट दिसतायत, ही चांगली खूण. सिलिंडरच्या वरच्या काठाखाली नख फिरवून बघा, पायरी लागते का. पण निर्णय नखावर घेऊ नका. मशीन शॉपवाल्याला बोअर गेज घेऊन गॅरेजवर बोलवा. प्रत्येक सिलिंडर वर, मध्ये, खाली, आणि दर ठिकाणी आडवा-उभा असा मोजायचा. मूळ माप ६९.६ मिमी आहे. त्यापेक्षा किती मोठा झालाय याहून किती लंबगोल झालाय ते मी आधी बघतो, कारण लंबगोल बोअरमध्ये नवी रिंग नीट बसत नाही. जुने मिस्त्री चारही पिस्टन मधोमध आणून वर सारखं डिझेल ओततात आणि कुठलं आधी झिरपतं ते बघतात. चारांची आपसात तुलना करायला ते बरं आहे, त्यावरून इंजिन उतरवू नये.

बोअर सर्व्हिस मॅन्युअलच्या मर्यादेत, बेअरिंग ठीक आणि आधी ऑइल फारसं खात नव्हती, तर हेड आणि चेनवर थांबा. हेडचं प्रेशर टेस्टिंग करून घ्या, दोन व्हॉल्व सीटच्या मधली चीर तिथेच सापडते. व्हॉल्व सील नवे, लॅपिंग (व्हॉल्व सीटवर घासून बसवणं), हेड बोल्ट नवे आणि डिग्रीने (ठरलेल्या कोनात) आवळलेले. फेसिंग (हेडचा तळ सपाट करणं) मात्र "थोडं मारून देतो" म्हणणाऱ्याकडे देऊ नका. गास्केटचंही तसंच: पिस्टन ब्लॉकच्या वर किती येतो ते मोजून या इंजिनात गास्केटची जाडी ठरते. दुकानात जी हाताला लागेल ती बसवायची नसते.

"हेड टाइट केलं की रिंगा हार मानतात" हे तुम्हालाही ऐकवलं असेल. त्यात थोडं तथ्य आहे, पण रिंगा आधीच संपत आलेल्या असतील तेव्हा. मग गरम इंजिनावर ऑइल कॅप उघडली की बॅक कॉम्प्रेशनचा (रिंगांजवळून खाली निसटलेला) धूर भसाभसा येत असतो. तुमच्याकडे तसं काही नव्हतं.

सगळ्यात वाईट सौदा म्हणजे मधला: बोअर न मोजता, होनिंग न करता नुसत्या रिंगा घालणं. मेकॅनिक त्याला "हाफ इंजिन" म्हणतो, बिल बऱ्यापैकी होतं आणि गुळगुळीत बोअरवर रिंग बसत नाही म्हणून ऑइल आधीपेक्षा जास्त जळतं. करायचंच तर पूर्ण करा. त्यातही ओव्हरसाइझ पिस्टन आधी हातात घ्या, मग त्याच्या मापाने बोअर करू द्या. उलटं केलं तर ब्लॉक शॉपमध्ये आणि तुम्ही पिस्टनच्या शोधात.

खर्चाचा हिशोब करताना आरसीची तारीख बघा. पंधरा वर्षं २०२८ मध्ये भरतायत. पुढे फिटनेस, नूतनीकरण, ग्रीन टॅक्स. तेव्हा गाडी विकायचीच असेल तर फुल इंजिनाचे पैसे वसूल होत नाहीत. भंगार बाजारातलं तयार इंजिन स्वस्त वाटतं, पण त्याचं आतलं कोणी बघितलेलं नसतं आणि इंजिन नंबर बदलला की आरटीओत नोंद करावी लागते.

आणि गरम का झाली, ते सापडलं का? फॅन, थर्मोस्टॅट, पाण्याचा पंप, रेडिएटर सगळं बघा. ऑइल फिल्टरजवळचा कूलरसुद्धा प्रेशर लावून तपासा. तो फुटला तरी ऑइल-पाणी एकत्र होतं आणि नाव गास्केटचं येतं.

गेजचे आकडे आले की चारही सिलिंडरचे लिहा. एकच खराब निघाला तर लायनर (सिलिंडरच्या आत बसवायची नवी नळी) टाकायचा की चारही बोअर करायचे, ते तेव्हा बघू.