जर्मनीतल्या हिवाळ्यासाठी जुनी कन्व्हर्टिबल घेताना

कन्व्हर्टिबल, म्हणजे दुमडत्या छपराची गाडी, म्युनिकच्या थंडीत रोज चालवायची असेल, तर रंग आणि किलोमीटर नंतर बघा, आधी गाडीखाली वाका. रस्त्यावरच्या मिठाने दाराखालची पट्टी गंजते. छपराचं पाणी वाहून नेणारी भोकं तुंबली, की ती आतूनही सडते. म्हणून पायाखालचा गालिचा उचलून हात लावा. ओल लागली तर सरळ परत फिरा. मागची खिडकी काचेचीच हवी. 1989 ते 1997 मधल्या पहिल्या माझदा एमएक्स-5 ला ती प्लॅस्टिकची होती, कडाक्याच्या थंडीत छप्पर दुमडलं तर तडकते. माझी पसंती क्वाट्रो, म्हणजे चारही चाकांना ताकद देणारी यंत्रणा, असलेल्या ऑडी ए5 कॅब्रिओलेटला. विंटर टायरचे पैसे मात्र बाजूला ठेवाच. ऑक्टोबर 2024 पासून इथे बर्फात डोंगर-हिमकणाचं चिन्ह असलेलेच टायर चालतात.