आधी आपल्या बाजूचा कागद तपासा

तुमची पोस्ट वाचली आणि उत्तर लिहिल्याशिवाय राहवलं नाही, कारण ही अडचण मी फार वर्षं भोगली आहे. तुमचा सहकारी ग्रुपवर लांबलचक मेसेज टाकतो: बायबलमध्ये कोणती पुस्तकं ठेवायची ते निकेयाच्या परिषदेत (चौथ्या शतकातल्या बिशपांच्या सभेत) मतं घेऊन ठरवलं, येशूला देव सम्राट कॉन्स्टंटाइनने बनवलं, कुमारीपासून जन्माची गोष्ट रोमी साम्राज्यात पुजल्या जाणाऱ्या मिथ्र देवाकडून उचलली. तुम्ही एका मुद्द्याचं उत्तर शोधून लिहिता तोवर तो पुढच्या मुद्द्यावर गेलेला असतो. पाळकांना विचारलंत तर ते म्हणाले, "वाद घालणं सैतानाचं काम, तुम्ही फक्त प्रार्थना करा." ग्रुप सोडू की उत्तर देत राहू, असं तुम्ही विचारलं आहे.

प्रार्थना, नियमित वाचन, नम्रपणा यावर मी लिहीत नाही. ते तुम्ही करत असणारच. मी ईश्वरविज्ञान शिकलेलो नाही, आणि पंथापंथांत काही गोष्टी वेगळ्या मानल्या जातात, हे लक्षात ठेवूनच पुढचं वाचा.

पाळकांचं म्हणणं अर्धं बरोबर आहे. प्रेषित पौलाने आपला तरुण सहकारी तीमथ्य याला मूर्खपणाचे वाद टाळायला सांगितलं, पण लगेच पुढे विरोध करणाऱ्यांना सौम्यतेने शिकवायलाही सांगितलं (२ तीमथ्य २:२३-२५). तो स्वतः थेस्सलनीका शहरात तीन शब्बाथ (यहुद्यांचा विसाव्याचा दिवस) त्यांच्या सभास्थानात शास्त्रावरून चर्चा करत होता. बिरुया गावातल्या लोकांचं कौतुक झालं ते त्यांनी पौलाचं ऐकून घेतलं म्हणून, आणि तो सांगतो ते खरं आहे का हे रोज शास्त्रात तपासलं म्हणूनही. तपासणं हा अविश्वास नाही. हे वाक्य मला तरुणपणी कुणीतरी ठणकावून सांगायला हवं होतं.

आता मला सर्वांत महाग पडलेली गोष्ट सांगतो. माझा एक मामेभाऊ आहे, खूप वाचणारा, मनापासून प्रश्न विचारणारा. त्याच्याशी माझ्या बऱ्याच रात्री बोलण्यात गेल्या. शंकांना उत्तरं देण्याचं काम करणाऱ्या एका ख्रिस्ती संस्थेने तरुणांसाठी सभा ठेवली, तेव्हा त्याला बरंच मनवून मी घेऊन गेलो. (संस्थेचं नाव घेणार नाही, विचारूही नका.) तिथे वक्त्याने सांगितलं की डार्विनने मृत्युशय्येवर, हातात बायबल घेऊन, आपला सिद्धांत मांडल्याचा पश्चात्ताप केला. सगळ्यांना पुस्तिका वाटली, तिच्यातही तेच छापलेलं. टाळ्या पडल्या.

मामेभावाने दुसऱ्याच दिवशी माहिती काढली. डार्विन वारला १९ एप्रिल १८८२ रोजी. ही गोष्ट छापून आली १९१५ मध्ये, अमेरिकेतल्या एका बाप्टिस्ट साप्ताहिकात, लेडी होप नावाच्या बाईंच्या हवाल्याने. आणि १९२२ मध्ये डार्विनची मुलगी हेन्रिएटा हिने जाहीरपणे लिहिलं की वडिलांच्या अखेरच्या वेळी मी तिथे होते, लेडी होप नव्हत्या. त्याने हे सगळं माझ्यासमोर ठेवलं आणि एवढंच विचारलं, "शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वीची गोष्ट ज्यांनी तपासली नाही, त्यांच्यावर दोन हजार वर्षांपूर्वीच्या रिकाम्या कबरेबद्दल मी विश्वास का ठेवू?"

माझ्याकडे उत्तर नव्हतं. प्रश्न रास्त होता.

मी संस्थेच्या कार्यालयाला लिहिलं, पुरावे जोडले. उत्तर नाही. पुन्हा लिहिलं, तर दोन ओळी आल्या की अशा चौकशांनी लहानांच्या विश्वासाला ठेच लागते. मग फोन केला. पलीकडचे गृहस्थ गोड आवाजात म्हणाले, "भाऊ, या पुस्तिकेने किती लोक प्रभूकडे आले ते बघा ना." चूक आहे की नाही यावर एक शब्द नाही. पुढची आवृत्ती निघाली तेव्हा ते पान जसंच्या तसं होतं. मामेभाऊ त्यानंतर या विषयावर माझ्याशी कधी बोलला नाही. घरी येतो, मुलांची चौकशी करतो, पण ते दार बंद झालं. बाहेरच्या कुठल्याही नास्तिकाने माझं एवढं नुकसान केलेलं नाही.

मला राग आहे, आणि तो मी लपवत नाही, कारण आपल्या शास्त्रात याला जागाच नाही. ईयोब आपल्या मित्रांना तोंडावर विचारतो, देवाच्या वतीने तुम्ही खोटं बोलणार का? (ईयोब १३:७). पौल करिंथकरांना लिहितो की ख्रिस्त उठला नसेल तर आम्ही देवाबद्दल खोटी साक्ष देणारे ठरू (१ करिंथ १५:१५). देवाच्या बाजूने दिलेली खोटी साक्षही त्याच्या लेखी खोटीच होती. "परिणाम चांगला आहे ना" हे समर्थन प्रेषितांनी कधी वापरलं नाही. म्हणून माझा पहिला आग्रह: समोरच्याचा मेसेज तपासण्याआधी तुम्ही पाठवणार आहात तो कागद तपासा. यहोशवासाठी सूर्य थांबला असं बायबल सांगतं, तो हरवलेला दिवस नासाच्या संगणकाला सापडला, ही गोष्टही तसलीच आहे, बनावट. मंडळीच्या ग्रुपवर ती आली तर तिथेच, प्रेमाने पण स्पष्ट, खोटी आहे म्हणून लिहा. मी लिहितो. काही जण नाराज होतात.

आता तुमच्या सहकाऱ्याकडे येऊ. त्याच्या मेसेजची ताकद मुद्द्यांच्या संख्येत आहे, एकेका मुद्द्यात नाही. आरोप एका ओळीत करता येतो, त्याच्या उत्तराला पान लागतं. तेव्हा सगळ्यांच्या मागे धावू नका. एक निवडा, तोही त्याच्या मते सगळ्यांत भक्कम असलेला, आणि तो पुरा होईपर्यंत दुसऱ्याला हात लावू नका. मी निकेया निवडला असता.

परिषद झाली ३२५ मध्ये, कॉन्स्टंटाइनने बोलावली, हे खरं. हे आधी मान्य करा. वाद होता आलेक्झांड्रियाच्या एरियस या धर्मसेवकाच्या शिकवणीचा: पुत्र, म्हणजे येशू, हा निर्माण केलेला आहे की पित्यासारखाच सनातन? बायबलची यादी तिथे विषयच नव्हती. परिषदेचे वीस नियम उपलब्ध आहेत, ते धर्मसेवकांची नेमणूक, छळात डगमगलेल्यांना परत घेणं वगैरे शिस्तीबद्दल आहेत, पुस्तकांबद्दल एकही नाही. चारच शुभवर्तमानं (येशूच्या जीवनाची पुस्तकं) असा आग्रह बिशप आयरेनियस १८० च्या सुमारास धरतो, म्हणजे कॉन्स्टंटाइनच्या जन्माच्याही आधी. येशूला देव मानण्याबद्दल तर बाहेरचा साक्षीदार आहे: ११२ च्या सुमारास रोमी अधिकारी प्लिनी सम्राट ट्राजनला कळवतो की हे लोक पहाटे जमून ख्रिस्ताला देव मानून स्तोत्र गातात. त्याला ख्रिस्ती लोकांचा कळवळा नव्हता, तो त्यांना शिक्षा करत होता. आणि सम्राटाच्या शब्दाने सगळं ठरलं म्हणावं, तर निकेयाची बाजू लढवणाऱ्या आलेक्झांड्रियाच्या बिशप अथनेशियसला पुढे पाच वेळा हद्दपार व्हावं लागलं, पहिल्यांदा खुद्द कॉन्स्टंटाइनच्याच हुकमाने.

पण इथे थांबून त्याच्या बाजूचं जे खरं आहे तेही लिहा. आज आहे तशी नेमकी सत्तावीस पुस्तकांची यादी आपल्याला पहिल्यांदा अथनेशियसच्या ३६७ च्या पत्रात दिसते. त्याआधी याकोब, यहूदा, २ पेत्र अशा काही पत्रांबद्दल मतभेद होते. मार्कच्या शेवटच्या बारा ओव्या सर्वांत जुन्या दोन मोठ्या हस्तलिखितांत नाहीत, हे बायबलच्या अनेक प्रतींत तळटिपेतच दिलेलं असतं. आपल्या तरुणांना हे आपणच आधी सांगायला हवं. ते दुसऱ्याकडून कळलं तर त्यांना लपवल्यासारखं वाटतं, आणि मग खऱ्या गोष्टीवरूनही मन उठतं.

मिथ्राचं दोन ओळींत: उपलब्ध शिल्पांत तो खडकातून जन्मतो, कुमारीपासून नाही. २५ डिसेंबर कुठल्याच शुभवर्तमानात नाही, त्यामुळे नाताळची ती तारीख सहकाऱ्याने काढली तर तिचा बचाव करण्याची गरजच नाही.

फसवा युक्तिवाद बहुतेक वेळा निव्वळ खोटा नसतो, हे मात्र पक्कं ध्यानात घ्या. येशूची परीक्षा घेताना सैतानाने स्तोत्र ९१ मधलंच वचन सांगितलं, आणि वचन खरंच होतं. "तुझ्या सर्व मार्गांत" हे शब्द तेवढे गाळले आणि ते मंदिराच्या टोकावरून उडी मारायला वापरलं. येशूने वचन नाकारलं नाही, शास्त्रातलंच दुसरं वचन शेजारी ठेवून पहिलं त्याच्या जागी बसवलं. तुमच्या सहकाऱ्याच्या मेसेजमध्येही परिषद, सम्राट, साल सगळं खरं आहे, फक्त जोडणी चुकीची आहे. "हे सगळं खोटं आहे" असं उत्तर दिलंत तर तो खरे तुकडे दाखवेल आणि तुम्ही पडाल.

याच्याशी लागून एक सवय: उत्तर लिहिण्याआधी त्याचं म्हणणं त्याच्याच शब्दांत उतरवून घ्या आणि "हेच म्हणायचंय ना?" असं विचारा. ओरिगेन या ख्रिस्ती विद्वानाने २४८ च्या सुमारास ख्रिस्ती धर्मावर टीका करणाऱ्या केल्ससला उत्तर दिलं तेव्हा त्याची वाक्यंच्या वाक्यं उतरवली. केल्ससचं मूळ पुस्तक नष्ट झालं, आज ते जे काही वाचायला मिळतं ते त्याचं खंडन करणाऱ्या ख्रिस्ती माणसाच्या पानांतून. "अमक्याची बोलती बंद" असल्या क्लिपा बनवणाऱ्यांनी ओरिगेनची दहा पानं तरी वाचावीत.

अजून एक, हे थोडं बाजूचं आहे. माणूस दुःखात असेल, घरात मरण झालं असेल, मंडळीत कुणी दुखावलं असेल, तर तो निकेयाबद्दल बोलत असला तरी प्रश्न निकेयाचा नसतो. मग ग्रुपवर काही लिहू नका, भेटा. ते ओळखायचं कसं हे मला शब्दांत सांगता येत नाही, पण विचारलं तर बरेच जण सांगतात.

ग्रुप सोडू नका, असं माझं मत. तिथे न बोलता वाचणारे असतात. उद्या त्याला एवढंच पाठवा: "निकेयात पुस्तकांवर मतदान झालं, हे तुम्ही कुठे वाचलंत? मूळ नोंद दाखवलीत तर मी वाचेन. ती मिळेपर्यंत बाकीचे मुद्दे बाजूला ठेवू." त्याने काही पाठवलं तर इथे टाका, वीस नियमांशी ताडून बघू. विषय बदलला तर हाच मेसेज पुन्हा पाठवा, आवाज न चढवता.