लॅब्राडोर नंतर बघू, आधी ५ मे गाठा

पत्र थोडक्यात असं: "आम्ही फोंड्याला राहतो. मी ३८ वर्षांचा, कुंडईला औषध कंपनीत शिफ्टमध्ये. हातात ५५ हजार येतात, बायकोच्या शिकवण्यांचे ८ हजार. घरकर्ज १४ लाख बाकी, हप्ता १७ हजार, घरखर्च ३६ हजार. दोन मुलं आणि ६८ वर्षांची आई. मुलांना कुत्रा हवाय. बेळगावच्या ब्रीडरकडे पाच महिन्यांची लॅब्राडोर मादी १८ हजारांना आहे, दोन महिन्यांचं पिल्लू २८ हजारांना. मोठं घ्यावं की लहान? ब्रीडर म्हणतो, मादी घ्या, दोन वेतांत पैसे वसूल. खर्चाची चिंता नाही. मार्चअखेर बँकेतल्या ओळखीच्या माणसाने कर वाचवायला एक पॉलिसी दिली. एफडी मोडून १ लाख भरले. दहा वर्षं भरायचे, वीस वर्षं दरसाल ३५ हजार परत येणार, त्यात कुत्रा पोसला जाईल. वीस वर्षांनी वर १० लाख. एफडीत ४० हजार उरलेत. पॉलिसी ६ एप्रिलला हाती आली."

ही शेवटची तारीख वाचली आणि तुमचं पत्र रांगेतून काढून वर घेतलं. पॉलिसीचे कागद हाती पडल्यापासून ३० दिवसांत ती परत करता येते. मुद्रांक शुल्क, तेवढ्या दिवसांच्या विम्याचे पैसे आणि वैद्यकीय तपासणी झाली असेल तर तिचा खर्च कापून बाकीचे परत मिळतात. म्हणजे तुमच्या १ लाखातले बहुतेक सगळे. ५ मेच्या आत लेखी अर्ज द्या, कारण लिहा, आणि पोच घेतल्याशिवाय शाखेतून हलू नका. पॉलिसी ई-मेलवर आधीच आली असेल तर दिवस तिथपासून मोजले जातील, तेव्हा उद्याच जा. ओळखीचा माणूस म्हणेल, "तीन वर्षं तरी भरा, मग बघू." त्याला नमस्कार करा आणि अर्ज पुढे सरकवा.

एवढी घाई का, ते सांगतो. तुम्ही १ लाख देणार आणि त्यातलेच ३५ हजार ते तुम्हाला परत करणार. ही कमाई नव्हे, तुमचाच पैसा वळसा घालून आला. सगळं धरून परतावा वर्षाला जेमतेम ५ टक्के पडतो. पीपीएफ आज ७.१ टक्के देतं आणि पोस्टात कुणी ओळखीचा लागत नाही. विमा म्हणावा तर १० लाखांचा, आणि तुमचं कर्जच १४ लाख आहे. उद्या तुमचं काही बरंवाईट झालं तर बँकेचंही पुरतं भागणार नाही, मग आई आणि मुलांना काय उरणार?

आणि कर वाचवायला? कुठला कर? वर्षाला साडेसहा-सात लाखांचा पगार, नव्या करप्रणालीत १२ लाखांपर्यंत कर शून्य, आणि त्या प्रणालीत पॉलिसीच्या हप्त्याची वजावटही नाही. जो कर नव्हता तो वाचवायला तुम्ही अडीअडचणीची एफडी मोडलीत. मार्चअखेर टार्गेट त्या माणसाचं होतं.

पैसे परत आले की एफडीत टाका. १ लाख ४० हजार म्हणजे घरखर्च आणि हप्ता मिळून अडीच महिने निघतात. तेही कमीच, पण ४० हजारांपेक्षा बरं. मग १ कोटीचा साधा टर्म विमा (मुदतीत माणूस गेला तरच पैसे देणारा) घ्या. तुमच्या वयाला वर्षाला साधारण १५ हजार, आणि सप्टेंबर २०२५ पासून त्यावर जीएसटीही नाही. आईसाठी गोवा सरकारच्या दीनदयाळ स्वास्थ्य सेवा योजनेचं कार्ड चालू आहे ना, ते पाहा. चार किंवा जास्त माणसं असल्याने तुमच्या कुटुंबाला वर्षाला ४ लाखांचं कवच आहे, पण ते ठरलेल्या उपचारांनाच.

आता कुत्रा. १८ की २८ हा प्रश्नच लहान आहे. लॅब्राडोर वाढला की दिवसाला साडेतीनशे-चारशे ग्रॅम कोरडं खाणं खातो. त्यात लसी, जंताची औषधं आणि गोचीडांच्या गोळ्या (आपल्या पावसाळ्यात त्यांना सुट्टी नाही) धरा. महिन्याला ५ हजार. अकरा-बारा वर्षांचे सात लाख होतात. तुमच्या त्या ३५ हजारांचे महिन्याला २,९०० पडतात, म्हणजे कुत्र्याचं अर्धंच पोट भरतं, आणि त्यासाठी तुम्ही महिन्याला ८,३०० भरणार. घरखर्च आणि हप्ता जाऊन हातात उरतात १० हजार.

पाच महिन्यांचं पिल्लू वाईट नाही. लसींचा पहिला फेरा झालेला असतो, पार्व्हो या पिल्लांच्या जीवघेण्या रोगाची सगळ्यात मोठी भीती सरलेली असते, अंगलट आणि स्वभाव बराचसा दिसतो. रात्री दर दोन तासांनी बाहेर न्यावं लागत नाही, आणि तुमच्या शिफ्ट बघता हे महत्त्वाचं. पण विक्रीच्या वयाला आल्यापासूनचे तीन महिने ते कुठे वाढलं? माणसं, मिक्सर, स्कूटर, फटाके यांची ओळख पहिल्या तीन-साडेतीन महिन्यांत होते. पिंजऱ्यात वाढलेलं पिल्लू चवथीला फटाके वाजले की पलंगाखाली जाईल, आणि जिथे राहतं तिथेच घाण करण्याची सवयही घेऊन येईल. लसीचं कार्ड हातात घ्या. प्रत्येक लसीपुढे कुपीवरचं बॅच नंबराचं स्टिकर, तारीख आणि डॉक्टरचा शिक्का हवा. नुसतं पेनाने लिहिलेलं असेल तर लस झालीच नाही असं धरा. ब्रीडरची नोंदणी राज्य प्राणी कल्याण मंडळाकडे आहे का, तेही विचारा.

आणि वेतांचं सोडा. नोंदणीशिवाय पिल्लं विकणं नियमात बसत नाही. शिवाय बाळंतपण अडलं तर सिझेरियनचं बिल तुमच्या नावावर येईल, ब्रीडरच्या नाही. आठ-नऊ पिल्लांना गिऱ्हाईक कोण शोधणार? शिफ्ट संपवून तुम्ही?

माझं ऐकाल तर गावठी पिल्लू बघा, चार-पाच महिन्यांचंच. प्राण्यांसाठी काम करणाऱ्या संस्था गोव्यात आहेत, त्या लसी टोचलेलं पिल्लू बहुधा फुकट देतात, रेबीजची लसही इथे मोहिमेत मोफत मिळते. पंधरा किलोचा कुत्रा महिन्याला अडीच हजारांत भागतो, आणि आपल्या हवेत लॅब्राडोरपेक्षा सुखाने राहतो. मुलं हटून बसली आणि लॅब्राडोरच हवा, तर टर्म विमा झाल्यावर आणा, त्या महिन्यात सिनेमा-हॉटेल कमी करा.

ब्रीडर ॲडव्हान्स मागेल, "दुसरं गिऱ्हाईक आहे" म्हणेल. देऊ नका. तीन महिने जी मादी विकली गेली नाही ती आणखी पंधरा दिवस थांबेल, आणि तोवर तिची किंमत १५ हजारांवर येईल.