कोल्हापूरच्या हवेतील कार्बन डायऑक्साइडची वर्षानुवर्षे नोंद ठेवायची असल्यास एक सेन्सर पुरेल का?

दिवसभरातील चढउतार पाहण्यास एक सेन्सर पुरतो. दहा वर्षांचा कल काढण्यास तो पुरत नाही. हवाई बेटांवरील मौना लोआ या डोंगरावर शास्त्रज्ञ चार्ल्स कीलिंग यांनी १९५८ साली नोंदी सुरू केल्या तेव्हा प्रमाण सुमारे ३१५ पीपीएम (हवेच्या दर दहा लाख भागांत ३१५ भाग) होते आणि आज ते ४२० च्या पुढे गेले आहे. सध्याची वार्षिक वाढ जेमतेम दोन-तीन पीपीएम आहे, तर शहरातल्या दसरा चौकात एकाच दिवसात होणारा फरक त्याच्या कित्येक पट असू शकतो. हिवाळ्यात पहाटे थंड हवा जमिनीलगत साचून राहते आणि तिच्यात हा वायूही साठतो, दुपारी ऊन तापल्यावर ती वरच्या हवेत मिसळते. म्हणून कल काढताना दुपारच्याच नोंदी घ्याव्यात.

खरी अडचण उपकरणात असते. बहुतेक स्वस्त सेन्सर आठवडाभरातील सर्वांत कमी नोंद म्हणजे ४०० पीपीएम असे गृहीत धरून स्वतःला जुळवून घेतात. बंद खोलीसाठी ही सोय ठीक आहे, पण येथे आपण जी वाढ शोधत आहोत तीच ही सोय पुसून टाकते. त्यामुळे ती बंद करावी आणि प्रमाणित (कार्बन डायऑक्साइडचे प्रमाण नेमके माहीत असलेल्या) वायूच्या सिलिंडरने ठरावीक काळाने सेन्सर तपासावा.

दुसरे केंद्र शहराबाहेर, शक्यतो पन्हाळ्यासारख्या उंचीवर हवे, कारण दोन्हींतील फरकावरूनच शहराचा वाटा कळतो. उसाचे फड दिवसा हा वायू शोषतात, पाचट पेटवले की तो पुन्हा हवेत जातो. तेव्हा पाचट जाळल्याच्या तारखाही नोंदवहीत अवश्य लिहाव्यात.